वरच्या दुधाचा रंग

१८ ऑक्टोबर, दिवस पाचवा

बाळंतीण आणि बाळ काल घरी आले. होंगजीच्या मनात बायकोला महिनाभर बाळंतिणींच्या केंद्रात ठेवायचं होतं. मी त्याला विचारलं, तुझी आई निवृत्त होऊन घरात बसलीय ती भिंती मोजायला का?  ही वही आजपासून सुरू. कापड रंगवण्याच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं छटा जुळवल्या आणि रोजची नोंद रोज केली. इथेही तसंच. बाळंतिणीने काय खाल्लं, बाळ किती वेळा प्यायलं, शी-शू किती वेळा आणि कशी.

मुलगी आहे. तीन किलो शंभर. नाव ठरायचंय, तोवर तिचा बाप तिला दाणा म्हणतो, शेंगेतला. बरं आहे. साधं नाव असलं की कोणाची नजर जात नाही.

शी: पहिले दोन दिवस डांबरासारखी काळी. मग शेवाळी. आज मोहरीच्या रंगाची, सैलसर, कण असलेली. अंगावर पिणाऱ्या बाळाची अशीच असते.

खोलीच्या खिडक्या बंद, जाड पडदे. या दिवसांत आमच्या होमेइ गावात समुद्राकडून असा वारा सुटतो की वाळत घातलेले कपडे शेजारच्यांच्या शेतात जाऊन पडतात. दाराच्या फटीला टॉवेल लावला. पांढरी ट्यूब काढून पिवळा दिवा लावला. पांढऱ्या उजेडाने बाळंतिणीचे डोळे बिघडतात असं माझ्या सासूबाई म्हणत. त्यामागचं शास्त्र मला माहीत नाही, पण माझे डोळे निवृत्तीपर्यंत चांगले राहिले.

बाळाच्या आरोग्य-पुस्तिकेत एका पानावर शीचे नऊ रंग छापले आहेत. पहिले सहा वाईट, शेवटचे तीन चांगले. सुनेने, पेइशानने, पुस्तिका त्याच पानावर उघडून पाळण्याशेजारी ठेवलीय.

"आई, इथे लिहिलंय, फिकट दिसली तर यकृताचा आजार असू शकतो. लगेच दाखवायचं. उशीर झाला तर बाळ वाचत नाही."

"छापील रंगावर मी विश्वास ठेवत नाही," मी म्हटलं. "एकाच शाईच्या दोन छपाया सारख्या निघत नाहीत. रंग बघायला मी आहे."

पुस्तिका तिने तिथून हलवली मात्र नाही.

२३ ऑक्टोबर, दिवस दहावा

तिळाच्या तेलातली कोंबडी सकाळ-संध्याकाळ. दूध यावं म्हणून डुकराच्या पायाचं शेंगदाणे घालून सूप. पेइशान अर्धा वाडगा ठेवते आणि मला दिसू नये म्हणून वर झाकण घालते. काल दहा वाजता उठली. आळशी. माझ्या वेळी बाराव्या दिवशी मी कपडे धूत होते.

दाणा थोडी पिवळी आहे. डोळ्यांचे कोपरेही. सातव्या दिवशी दवाखान्यात रक्त पाहिलं होतं, आकडा ठीक म्हणाले. पुष्कळ बाळांना असते कावीळ, होंगजीलाही होती. शी मोहरीच्या रंगाची, सहा वेळा.

२९ ऑक्टोबर, दिवस सोळावा

शी दोनदाच, आणि फिकट. लोण्यात चिमूटभर हळद घातल्यासारखी. पेइशानचं दूध पातळ पडत असणार. सूप टाकल्यावर दुसरं काय होणार? उद्यापासून समोर बसून संपवायला लावीन.

३१ ऑक्टोबर, दिवस अठरावा

पिवळेपणा जात नाही म्हणून होंगजी बाळाला गाडीतून दवाखान्यात घेऊन गेला. बाळंतिणीने महिन्याच्या आत उंबरा ओलांडायचा नाही, म्हणून सोबत मी गेले. डॉक्टर वयस्कर, भला माणूस. म्हणाला, आईच्या दुधामुळेही कावीळ रेंगाळते. दोन दिवस अंगावरचं बंद करून डब्याचं दूध द्या. पिवळेपणा उतरला तर तेच कारण समजायचं. दोन दिवसांनी परत आणा. शीचं त्याने विचारलं नाही, मीही काढलं नाही. दूध पातळ होतं ही घरातली गोष्ट.

घरी येऊन सांगितलं तर पेइशान रडायला लागली.

"माझं दूध तिला बाधतंय?"

"डॉक्टर म्हणतात तसं."

"तुम्हाला काय वाटतं?"

मला काय वाटतं याला काय अर्थ आहे? संध्याकाळी सहाला डबा उघडला. तिने आपलं दूध काढून बाटल्यांत भरलं आणि बर्फाच्या कप्प्यात ठेवलं. एकेका बाटलीवर तारीख घातली. अक्षर नीट आहे तिचं.

२ नोव्हेंबर, दिवस विसावा

वरचं दूध दाणा मजेत पिते. शी एकदाच, घट्ट, फिकट पिवळी. वरच्या दुधाची फिकट आणि घट्टच व्हायची, डब्यासोबत आलेल्या पत्रकातही लिहिलंय. पेइशान पुस्तिका घेऊन आली.

"आई, चार नंबरसारखी दिसते."

"सातसारखी आहे."

"चार वाईट आहे."

"म्हणूनच सांगतेय, सात आहे."

होंगजी दारात उभा होता. म्हणाला, "आईने अमेरिकेला माल पाठवलाय रंग जुळवून. तू आईशी रंगावरून भांडतेस?" तो हसला. पेइशान हसली नाही.

कातडीचा पिवळेपणा मला उतरल्यासारखा वाटतो. दिव्याखाली नीट कळत नाही, पण वाटतो. तेव्हा दवाखान्यात परत जायची गरज नाही. एवढ्या वाऱ्यात न्यायचं कशाला? वरचं दूधच चालू ठेवायचं ठरवलं.  पेइशान पंप घेऊन आत गेली.

४ नोव्हेंबर, दिवस बाविसावा

शी आणखी फिकट. हा डबा तिला मानवत नाही. बाजारातून दुसऱ्या कंपनीचा आणला.

६ नोव्हेंबर, दिवस चोविसावा

आज जावळ काढलं. चोविसाव्या दिवशीच काढायचं असतं. गल्लीतली न्हावीण लिएनबाई आली. पाण्यात पातीच्या कांद्याचा रस, डोक्याला अंड्याचा पिवळा बलक. केस दाट यावेत म्हणून. मग उकडलेलं अंडं गालांवरून फिरवलं. दाणा रडली नाही. हल्ली रडतच नाही फारशी. शहाणी आहे.

जावळ उतरल्यावर डोकं मक्याच्या कणसासारखं पिवळंधमक दिसलं. लिएनबाई म्हणाली, "मावशी, हिचा रंग..."

मी म्हटलं, "बलक आहे तो."

तिने ओल्या फडक्याने दोनदा पुसलं. म्हणाली, "हो, बलक मुरतो कधीकधी." जाताना मात्र तिने दाण्याच्या तळपायाकडे पाहिलं. तळपायाला आपण बलक लावत नाही. मी मोजे घातले.

शू गडद होते आहे. डायपरवर चहा सांडल्यासारखा डाग पडतो. पाणी कमी पडतंय. दोन फिडिंगच्या मध्ये चमच्याने कोमट पाणी द्यायला सांगितलं.

९ नोव्हेंबर, दिवस सत्ताविसावा

आता मला खरंच उमगेना. दुसऱ्या डब्याने काही फरक नाही. काल शेळीच्या दुधाच्या पावडरीचा तिसरा डबा आणला. आजची शी तांदळाच्या पिठाच्या लगद्यासारखी. वजन फक्त शंभर ग्रॅमने वाढलं. मी नवीन पानावर मांडून पाहिलं. पहिला डबा फिकट, दुसरा डबा फिकट, तिसरा त्याहून फिकट. कारखान्यात तीन वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी एकच चुकीचा रंग आला असता तर मी रंगद्रव्यांना दोष दिला नसता. पाणी तपासलं असतं. इथे पाणी म्हणजे काय, ते कळत नाही. बाटल्या दोनदा उकळल्या.

पूर्णमासाचे, म्हणजे बाळाचा महिना भरल्यावर वाटायचे, तेलभाताचे साठ डबे तेरा तारखेला येणार आहेत, लाल अंड्यांसह. यादी तयार आहे. पाहुण्यांसमोर बाळ पिवळं नको.

पेइशान दुपारी म्हणाली, "आई, एकदा मोठ्या इस्पितळात नेऊ या का?"

"महिना संपू दे. चार दिवसांनी काय बिघडतं?"

११ नोव्हेंबर, दिवस एकोणतिसावा

सकाळी साडेसात. मी सूप ढवळत होते, पाठीला गार वारा लागला. बाल्कनीचं दार उघडं. पेइशान कठड्याशी, अंगावर पातळ स्वेटर, एका हातात उघडलेलं डायपर आणि दुसऱ्या हातात पुस्तिका. केस तोंडावर उडत होते. महिनाभराची सगळी काळजी एका मिनिटात वाऱ्यावर सोडली तिने.

"आत ये. हाडात वारा भरला तर जन्मभर गुडघे धरून बसशील."

"आई, इथे येऊन बघा."

मी दार बंद करायला गेले. उजेडात डायपर दिसलं.

फिकट पिवळं नव्हतं. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूचा राखट-पांढरा रंग होता. पिवळा त्यात नव्हताच. मी पुस्तिका पाहिली, डायपर पाहिलं. दोन नंबर. तीन म्हणावं का? तीनपर्यंत पोचत नव्हतं. कारखान्यात पहिल्या आठवड्यातल्या मुलींना मी सांगायचे, पिवळ्या दिव्याखाली कापड तपासाल तर हात तोडीन. आणि मी महिनाभर...

पेइशान म्हणाली, "मी जाते."

"होंगजीला येऊ दे. मी फोन लावते."

"टॅक्सी खाली आलीय."

तिने दाण्याला छातीशी बांधलं, डायपर पिशवीत घातलं आणि गेली. डोक्याला टोपीसुद्धा नाही. मी जिन्याच्या तोंडाशी टोपी घेऊन उभी राहिले. नंतर आत येऊन सूप बघितलं, तळाला लागलं होतं.

पण डब्याचं दूधच असणार. डबा नसता तर हे झालं नसतं.

१२ नोव्हेंबर

तैचुंगचं मोठं इस्पितळ. दाण्याला ठेवून घेतलं. डॉक्टरीणबाई पेइशानच्याच वयाची, बोलताना समोरच्याकडे सरळ बघते. यकृतात पित्त तयार होतं पण आतड्यात उतरायची वाटच बंद आहे, म्हणून शी पांढरी, म्हणून कावीळ आणि म्हणून शू गडद. शस्त्रक्रिया करून आतड्याचा तुकडा थेट यकृताला जोडायचा. बाळ दोन महिन्यांचं व्हायच्या आत झाली तर आशा बरी असते. एकेक आठवडा मोलाचा. नाही उतरलं पित्त, तर पुढे यकृतच बदलावं लागेल.

"शी फिकट कधीपासून आहे?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "वरचं दूध सुरू केल्यापासून."

तिने लिहून घेतलं.

"दुधाने असं होतं का?" पेइशानने विचारलं.

"नाही. दुधाचा याच्याशी काही संबंध नाही. वरच्या दुधाने शी थोडी फिकट होते, घट्ट होते, म्हणून लोकांची गफलत होते. पांढरी होत नाही."

पेइशानने मान हलवली. ऐकलं, पण पटलं नसावं.

१३ नोव्हेंबर

तेलभाताचे साठ डबे आले. रद्द करायचं राहून गेलं. होंगजीने गाडीत भरून वॉर्डात नेले. परिचारिका लाल अंडी हातात घेऊन अभिनंदन म्हणाल्या आणि लगेच आपल्या कामाला लागल्या.  

दुपारी घरी कपडे आणायला आले तेव्हा ही वही चाळली.

२९ ऑक्टोबर. शी दोनदाच, आणि फिकट.

डबा उघडला ३१ ऑक्टोबरला, संध्याकाळी सहाला.

पुन्हा वाचलं. तारखा माझ्याच हातच्या आहेत. चूक असती तर बरं झालं असतं, पण तारखेत मी चूक करत नाही. अंगावरचं दूध पीत होती तेव्हाच रंग गेला होता. आणि मी डॉक्टरला पातळ दुधाबद्दल बोलले नाही, कारण ती घरातली गोष्ट.

दोन दिवस इकडेतिकडे झाल्याने डॉक्टरीणबाईला काय फरक पडणार? तिला वय हवं, तारीख नको. सांगून कोणाचं काय भलं होणार? हे स्वतःला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं आणि तिन्ही वेळा ते मला पटलं नाही. असं पूर्वी कधी होत नव्हतं.

१६ नोव्हेंबर

तपासण्या संपल्या. शस्त्रक्रिया परवा.

वॉर्डाच्या खुर्चीत पेइशान दूध काढत होती. मी पाठीमागे बसले होते. तिला वाटलं होंगजी आहे.

"मीच तोडलं ना तिचं दूध," ती म्हणाली. "आईंनी सांगितलं आणि मी ऐकलं. मी पाजत राहिले असते तर झालंच नसतं. डॉक्टर बरं वाटावं म्हणून म्हणतात, संबंध नाही."

मी खाकरले. तिने वळून पाहिलं आणि ओढणी सावरली.

"सूप आणलंय," मी म्हटलं. वही पिशवीतच होती, सूपच्या डब्याखाली. बाहेर काढली नाही. घरी येईपर्यंत बसमध्ये ती मांडीवर होती.

१७ नोव्हेंबर

सकाळी वही तिच्या हातात दिली. "एकोणतीस तारीख वाच," म्हटलं. "दूध तोडण्याच्या दोन दिवस आधीची." आणखी बोलायचं होतं, पण परिचारिका रक्त घ्यायला आली आणि मी बाहेर गेले.

मला वाटलं होतं ती एकच पान वाचेल. तिने दुपारभर बसून सगळी वाचली, सुरुवातीपासून. मी पॅसेजमध्ये चार फेऱ्या मारल्या. पाचव्या फेरीला तिने हाक मारली. डोळे सुजलेले, पण आवाज साधा.

"तेवीस तारखेला तुम्ही मला आळशी लिहिलंय."

"लिहिलंय."

"खोडणार?"

"नाही. खोडलं की ती नोंद राहत नाही."

"मग खाली लिहा. त्या दिवशी टाके दुखत होते, उठवत नव्हतं."

मी लिहिलं. ती वाकून बघत होती, बरोबर लिहिते का ते.

मग म्हणाली, "सूप मी टाकत होते ते खरं आहे. तुमच्या सुपात आलं फार असतं."

"बाळंतिणीला लागतं."

"जिभेला सोसत नाही, आई."

तारखेबद्दल ती एक शब्द बोलली नाही. मी वाट पाहत होते. अजून पाहते आहे. रागावली असती तर मला कळलं असतं काय करायचं ते.

१८ नोव्हेंबर

सकाळी आठला आत नेली, बाहेर आणली दोनला. पोटावर आडवी पट्टी, नाकात नळी. होंगजी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पेइशानने दाण्याचा पाय धरला, जिथे मोजा होता तिथे. डॉक्टरीणबाई म्हणाली, जोडणी नीट झालीय. आता शीची वाट बघायची. रंग आला तर पित्त उतरतंय. नाही आला तर पुढचं बोलू.

२१ नोव्हेंबर

शी नाही.

सुपात आलं निम्मं केलं.

२३ नोव्हेंबर

परवापासून दाण्याला थोडं थोडं दूध सुरू केलं. पेइशानने बर्फात ठेवलेल्या बाटल्या घरून मी आणल्या, तारखांच्या क्रमाने.

आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी शी झाली. डायपर पेइशानने उघडलं. मी पलंगाच्या पलीकडे, हातात वही. मी पाहिलं. मला ती हिरवी वाटली, मग राखाडी, मग पुन्हा हिरवी. जेवढं बघावं तेवढं काही कळेना. एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं की रंग समोर आहे आणि त्याचं नाव सुचत नाही.

"काय लिहायचं, आई?"

"तू सांग."

तिने डायपर उचललं, बराच वेळ पाहिलं. पुस्तिका काढली नाही.

"हिरवी. कडेला पिवळी."

डॉक्टरीणबाई येऊन बघून गेली. म्हणाली, बरं चिन्ह आहे, पण एका शीवरून काही ठरत नाही, दोन आठवडे बघू या.

मी लिहिलं: ९.१०, हिरवी, कडेला पिवळी. पाहणारी पेइशान.